घाटीच्या थिसिसचं सिनसिनाटीतलं कूळ

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे सगळ्या मराठवाड्याची घाटी. तिथे एमडी-एमएसला प्रवेश मिळाला की ओपीडी, वॉर्ड आणि रात्रपाळ्या यांच्या जोडीला निवासी डॉक्टरच्या मागे आणखी एक काम लागतं, ते म्हणजे थिसिस. विषय ठरवा, सिनॉप्सिस लिहा, एथिक्स कमिटीपुढे उभे राहा आणि या सगळ्याच्या आधी ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ करा. या विषयावर आजवर कोणी काय लिहून ठेवलंय ते शोधायचं. गाइड म्हणतात, “पबमेडवर बघून घे.” चहा येईपर्यंत मोबाइलवर दोन-तीनशे शोधनिबंधांची यादी उतरलेली असते. इतक्या सहज उतरणाऱ्या यादीचा मूळपुरुष कोण, असा प्रश्न त्या वेळी कोणाला पडत नाही आणि पडायला सवडही नसते. पण तो मूळपुरुषही थिसिसनेच गांजलेला होता.

त्याचं नाव जॉन शॉ बिलिंग्ज. 1860 मध्ये तो सिनसिनाटीच्या मेडिकल कॉलेज ऑफ ओहायोमध्ये शिकत होता आणि पदवीसाठी त्याने विषय घेतला होता अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेचा. त्याला हवी होती साधी माहिती: अशा शस्त्रक्रिया आजवर किती झाल्या, किती रोगी वाचले, किती दगावले. ती कुठल्याच एका ग्रंथालयात नव्हती. गावातल्या सार्वजनिक आणि खासगी कपाटांतून तो हिंडला, मग फिलाडेल्फिया, न्यूयॉर्ककडे हात पसरले. शेकडो जुनी पुस्तकं आणि नियतकालिकांचे बांधीव खंड चाळावे लागले. त्यांच्या शेवटी सूची असे, पण तिच्यावर विसंबावं तर आत एक आणि सूचीत भलतंच. त्या कष्टांची तक्रार त्याने पुढे आयुष्यभर सांगितली. थिसिस कसाबसा पुरा करून तो विषय पुन्हा न काढणारे आपल्याकडेही पुष्कळ असतात. बिलिंग्जचा राग मात्र टिकला. पुढच्यांना हे भोगावं लागू नये म्हणून त्याने अख्ख्या वैद्यकाची सूची करायचं मनावर घेतलं.

मधे अमेरिकेत यादवी युद्ध आलं. बिलिंग्ज लष्करात शल्यचिकित्सक झाला आणि युद्ध संपता संपता वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या कचेरीत लागला. 1865 मध्ये तिथल्या ग्रंथालयाचा कारभार त्याच्याकडे आला. ग्रंथालय म्हणायचं इतकंच, कारण पुस्तकं होती सुमारे 2,300. युद्ध संपल्यावर लष्करी रुग्णालयांकडे उरलेला पैसा परत येत होता. तो त्याने पुस्तकांकडे वळवला आणि उरलेलं मागून, अदलाबदल करून, प्रसंगी चिकाटीने मागे लागून जमवलं. जागा मिळाली फोर्ड थिएटरची. 1865 मध्ये अब्राहम लिंकनवर गोळी झाडली गेली ते हेच नाट्यगृह. जिथे अध्यक्षाचा खून झाला तिथे जगातल्या सगळ्या आजारांची नावं ओळीने लावली जाऊ लागली.

त्याची कामाची रीत मला या सगळ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटते. आलेली नियतकालिकं तो संध्याकाळी घरी न्यायचा. रात्री एकेक अंक चाळून ज्या लेखाची नोंद व्हायला हवी त्यावर पेन्सिलीने खूण करायचा. दुसऱ्या दिवशी कारकून त्या खुणांबरहुकूम एकेका लेखाचं एकेक कार्ड लिहायचे. मग कार्डं विषयवार लावायची. 1876 मध्ये नमुन्याचा भाग निघाला आणि 1880 मध्ये ‘इंडेक्स कॅटलॉग’चा पहिला खंड. 1895 पर्यंत 16 खंडांची पहिली मालिका पुरी झाली. सगळ्या मालिका मिळून 61 खंड, शेवटचा 1961 मध्ये. पण जाडजूड खंडाची पाळी येईपर्यंत त्यातली माहिती शिळी होणार, हे बिलिंग्जला कळत होतं. म्हणून 1879 पासून त्याने रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याला घेऊन ‘इंडेक्स मेडिकस’ नावाचं मासिक काढलं. त्या महिन्यात जगभरात काय छापून आलं, त्याची विषयवार यादी. वाखाणणारे खूप, वर्गणीदार थोडे. 1899 मध्ये ते बंद पडलं. 1903 मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर पुन्हा उभं राहिलं. त्या संस्थेच्या विश्वस्तांत बिलिंग्ज स्वतः होता, हे सांगितल्याशिवाय हा चमत्कार समजायचा नाही.

सूची म्हणजे नुसती यादी असं वाटत असेल तर एक रोग घेऊन बघावं. एकाच दुखण्याला आपण क्षय म्हणतो, राजयक्ष्मा म्हणतो, टीबी म्हणतो. इंग्रजीतही थायसिस, कन्झम्प्शन, ट्यूबरक्युलॉसिस अशी तीन नावं होती. लेखकाने आपल्या मर्जीने एक वापरलं, शोधणाऱ्याच्या मनात दुसरं असलं की त्या दोघांची गाठ पडायची नाही. म्हणून सूचीकाराला एक नाव मुक्रर करावं लागतं आणि बाकीची त्याच्या दावणीला बांधावी लागतात. याच गरजेतून 1960 मध्ये ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’, म्हणजे आज सगळे जिला ‘मेश’ म्हणतात ती नियत शब्दांची यादी छापली गेली. तेव्हा तीत सुमारे 4,400 शब्द होते, आता 30,000 च्या घरात आहेत. पबमेडच्या चौकटीत तुम्ही ‘हार्ट अटॅक’ असं घरगुती लिहिलं तरी आत ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ होऊन शोधलं जातं, ते या यादीच्या जोरावर. ‘सर्च डिटेल्स’ उघडलं की ही उलथापालथ डोळ्यांनी दिसते. बरेच जण ते कधी उघडतच नाहीत. मग भलत्याच शोधाचं भलतंच उत्तर प्रमाण मानून पुढे जातात.

आता 1956 सालाकडे वळू. त्या वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कायदा होऊन बिलिंग्जचं लष्करी ग्रंथालय ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ झालं. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण घाटी आणि तिच्या थिसिसला रसद पुरवणारं ग्रंथालय आजच्या नावारूपाला एकाच साली आली, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

त्या काळी आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शोध म्हणजे ग्रंथालयातलं उंच टेबल, त्यावर ‘इंडेक्स मेडिकस’चे जाड खंड आणि हातात वही. विषय काढायचा, बारीक टायपातल्या नोंदी उतरवायच्या आणि मग खरी परीक्षा: तो अंक आपल्याकडे आहे का? बहुतेक वेळा नसेच. मग पोस्टकार्ड कामाला यायचं. अमेरिकेतून ‘करंट कंटेंट्स’ नावाचं साप्ताहिक निघे. त्यात नियतकालिकांची नुसती अनुक्रमणिकेची पानं छापलेली असत आणि मागे लेखकांचे पत्ते. ते बघून ‘रिप्रिंट रिक्वेस्ट’चं छापील कार्ड भरायचं. आदरणीय डॉक्टर, आपल्या अमुक लेखाची एक प्रत मिळाल्यास आभारी होईन, खाली सही आणि शिक्का. कुठल्या कोण परदेशी प्राध्यापकाने पदरच्या टपालखर्चाने पाठवलेली ती प्रत काही आठवड्यांनी हातात पडायची. त्या काळातल्या थिसिसमध्ये संदर्भ कमी दिसतात, पण त्यातला प्रत्येक संदर्भ हाताळलेला असायचा. आजच्या दीडशे संदर्भांबद्दल ही खात्री मला देता येणार नाही.

यंत्राचा प्रवेश झाला तो छापखान्याच्या दाराने. ‘इंडेक्स मेडिकस’ वेळेवर छापून व्हावं म्हणून 1964 मध्ये ‘मेडलार्स’ नावाची संगणक यंत्रणा सुरू झाली. नोंदी एकदा चुंबकीय फितीवर चढल्यावर त्यांच्यात शोधही घेता येईल, हा ओघाने झालेला फायदा. प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तराच्या छापील कागदाची काही आठवडे वाट पाहायची. इथे पुन्हा बिलिंग्ज डोकावतो. 1880 च्या जनगणनेच्या वेळी मोजणीच्या कामाला यंत्र असायला हवं, असं त्याने हर्मन हॉलरिथ नावाच्या तरुणाला सुचवलं होतं. हॉलरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं यंत्र केलं आणि त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. 1971 मध्ये ‘मेडलाइन’ आलं आणि दूरध्वनीच्या तारेवरून थेट शोध घेता येऊ लागला. सुरुवातीला एका वेळी 25 जणांना.

भारतात ही सोय 1986 मध्ये पोचली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून दिल्लीत केंद्र काढलं. त्याच केंद्राने पुढे ‘इंडमेड’ ही भारतीय नियतकालिकांची सूची केली. अमेरिकन सूचीत न घेतली जाणारी आपल्याकडची नियतकालिकं 1985 पासूनच्या अंकांसह तिच्यात आली. हे काम जितकं मोलाचं तितकंच दुर्लक्षित राहिलं. मग 26 जून 1997 रोजी अमेरिकेच्या उपाध्यक्षांच्या, अल गोर यांच्या उपस्थितीत ‘पबमेड’ सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. तोवर मेडलाइनला पैसे मोजावे लागत. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या बेथेस्डाचा प्राध्यापक आणि बीडहून घाटीत शिकायला आलेला विद्यार्थी निदान यादीपुरते एका पायरीवर आले. यादीपुरतेच, कारण मूळ लेख उघडायला गेलं की पैशाचं कुलूप असे.

त्या कुलपाची एक किल्ली मुंबईत तयार झाली. सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या शिक्षकांनी 1955 पासून चालवलेलं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येऊ लागलं. बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांच्या ‘मेडनो’ प्रकाशनाने मुंबईतूनच अशी भारतीय नियतकालिकं एकामागून एक जगापुढे ठेवली. 2011 मध्ये वोल्टर्स क्लुवर या परदेशी प्रकाशनसंस्थेने मेडनो विकत घेतली. आता केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आहे. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सुमारे 13,000 नियतकालिकं, शासकीय संस्थांसाठी. खासगी महाविद्यालयं या टप्प्यात बाहेर आहेत, आणि आपल्या शहरात तीही आहेत.

शोधाचं उत्तर काय आलं यापेक्षा काय आलं नाही, हे कधी कधी जास्त बोलकं असतं. डॉ. राणी आणि अभय बंग गडचिरोलीत काम सुरू करत होते तेव्हा खेड्यांतल्या बायकांच्या स्त्रीरोगांवर आधी काय झालंय, याचा त्यांनी धांडोळा घेतला. समाजपातळीवरचा एकही अभ्यास हाती लागेना. इस्पितळात आलेल्या बायकांची आकडेवारी होती. घरी राहून सोसणाऱ्यांची कुठेच नव्हती. बंगांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. त्यांतल्या 92 टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. जानेवारी 1989 च्या ‘लॅन्सेट’मध्ये तो निबंध आला. सूचीतली ती रिकामी जागा त्यांनी ‘यावर काही नाही, विषय बदलू’ असं म्हणून सोडली नाही. आपल्याकडे पबमेडने शून्य दाखवलं की सिनॉप्सिसचा विषय बदलला जातो. गाइडही त्यालाच शहाणपणा म्हणतात.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्याच्या माणसाचं. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, आणि 1981 पर्यंत तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच होता. कोकणात महाडजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत जात. विषाने रक्तदाब आणि हृदयावर वादळ उठतं, फुप्फुसांत पाणी भरतं. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर चालते, हे त्यांनी दाखवलं. पबमेडमध्ये विंचूदंश आणि प्राझोसिन यांचे इंग्रजी शब्द टाकून मधे ‘अँड’ लिहिलं की बावस्कर पती-पत्नींची नावं येतातच. त्यांचा एक निबंध संदर्भयादीत असा लागतो: लेखकांची नावं, शीर्षक, लॅन्सेट, आणि मग 1986;1:510-1. वर्ष, अर्धविराम, खंड, विसर्ग, पानं. शेवटचा ‘1’ म्हणजे 511, आधीचे दोन आकडे सारखेच म्हणून गाळलेले. दोनच पानांवरचा मजकूर, पण आग्नेय आशियापासून अरबस्तानापर्यंतचा डॉक्टर या दहा-बारा खुणांवरून थेट त्या पानावर उतरू शकतो. संदर्भ देण्याचं प्रयोजन एवढंच आहे.

या अर्धविराम-विसर्गांचंही कूळ आहे. जानेवारी 1978 मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले. तोवर प्रत्येक नियतकालिकाची संदर्भ लिहायची तऱ्हा वेगळी असे. एकाने लेख नाकारला की दुसरीकडे पाठवण्याआधी टायपिस्टला बसवून सगळी यादी नव्याने टंकायची. त्या जाचातून ‘व्हँकुव्हर’ पद्धत आली: मजकुरात क्रमाने आकडे, शेवटी त्याच क्रमाने यादी. वैद्यकीय थिसिसमध्ये आज बहुतेक ठिकाणी तीच लागते. कंसात नाव आणि साल लिहायची ‘हार्वर्ड’ पद्धत मात्र आणखी जुनी, 1881 ची. एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिलेल्या प्रबंधात तिची सुरुवात सापडते.

पण कोणी काय सांगितलं याची नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या जिल्ह्याला परकी नाही. पैठण इथून तासाभरावर. चक्रधरस्वामींच्या तिथल्या लीळा ‘लीळाचरित्रा’त आहेत. म्हाइंभटांनी त्या शिष्यांना भेटून भेटून जमवल्या. मूळ प्रत नष्ट झाल्यावर त्या पुन्हा आठवणींतून उभ्या केल्या गेल्या, तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हे महानुभावांनी नावानिशी सांभाळलं. हिराइसेचा पाठ वेगळा, परशरामबासांचा वेगळा. मतभेद मिटवून पाठ गुळगुळीत केला नाही. पुढे शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणच्याच एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. पबमेडशी याचं रक्ताचं नातं जोडायचा आगाऊपणा मी करणार नाही. एवढंच की ‘कोण म्हणालं, कुठे म्हणालं’ हा प्रश्न गोदाकाठाला नवा नाही.

संदर्भ सांभाळायची कार्डं संगणकात शिरली ती ऐंशीच्या दशकात, आणि तीही एका डॉक्टरच्या घरातून. अर्नेस्ट ब्यूटलर हे रक्तविकारांचे मोठे संशोधक. रक्तपेशींतल्या जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करताना त्यांचं नाव आजही निघतं. स्वतःचे संदर्भ आवरेनात म्हणून त्यांनी मुलाला, अर्लला हाताशी धरून ‘रेफरन्स मॅनेजर’ ही प्रणाली केली आणि तिचा धंदा झाला. मागोमाग ‘एंडनोट’ आलं. 2006 मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाने ‘झोटेरो’ फुकट दिलं, 2008 मध्ये ‘मेंडली’ आलं. औरंगपुऱ्यातून वह्या आणून रुळ ओढून संदर्भ लिहिणाऱ्या पिढीला याचं अप्रूप वाटेल. मधे एक परिच्छेद घातला की पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात. पूर्वी सतरावा संदर्भ वगळायचा म्हणजे अठरापासून शेवटपर्यंत सगळं खोडून लिहायचं, आणि तेही बाइंडिंगच्या आदल्या रात्री.

सोय आली तसा नवा रोगही आला. एकाने चुकीचा पान क्रमांक लिहिला की तो तसाच दहा थिसिसमधून उतरत जातो, कारण मूळ लेख कोणी उघडत नाही. आता तर एआयला सांगितलं की ते खऱ्या लेखकांची नावं, खऱ्या नियतकालिकांची नावं आणि कधीच न लिहिलेला निबंध असं झकास मिश्रण करून देतं. अर्धविराम, विसर्ग सगळं जागच्या जागी. व्हँकुव्हरच्या संपादकांनाही दोष काढता येणार नाही. फक्त तो निबंध अस्तित्वात नसतो. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला पीएमआयडी नावाचा स्वतःचा क्रमांक असतो. तो टाकून पाहिला की सोंग लगेच उघडं पडतं. पाच सेकंदांचं काम आहे.

बिलिंग्जची पेन्सिलही आता थांबली आहे. एप्रिल 2022 पासून मेडलाइनमधल्या लेखांना ‘मेश’चे शब्द प्रामुख्याने यंत्रच लावतं. माणसं तपासणीपुरती उरली. पबमेडमधल्या पावणेचार कोटींच्या वर गेलेल्या नोंदी हाताने सांभाळणं शक्यच नव्हतं, हे खरं. पण यंत्राने लेखाला चुकीच्या नावाखाली बसवलं तर तो शोधणाऱ्याला दिसायचा नाही, हेही तितकंच खरं. म्हणून नियत शब्द आणि साधे शब्द, दोन्हींनी शोध घ्यायचा आणि मधे ‘ऑर’ टाकायचा. भारतीय रुग्णांवरचं काम हवं असेल तर एकट्या पबमेडवर भिस्त ठेवू नये. आपल्याकडची कितीतरी नियतकालिकं तिथे नसतात.

गाइड मंडळींना एक विनंती करतो. सिनॉप्सिस तपासताना संदर्भ किती आहेत ते मोजू नका. त्याऐवजी विद्यार्थ्याला शेवटी एक पान जोडायला सांगा: कुठल्या डेटाबेसमध्ये, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकून शोध घेतला, किती नोंदी आल्या, त्यातल्या किती वाचल्या आणि किती नुसत्या उतरवल्या. व्यवस्थित आढावा घेणाऱ्या शोधनिबंधांत हे जगभर मागितलं जातं, त्याला वेगळा खर्च नाही. आणि त्या यादीतला कुठलाही एक संदर्भ बोट ठेवून निवडा आणि मूळ लेख समोर उघडून दाखवायला सांगा.